विसाचे सत्तावीस

मित्रांनो, मी एक जुना मीटर आहे. टॅक्सीतला नव्हे, आणि भिंतीवर बसून घराची वीज मोजणारा तर मुळीच नव्हे. त्याच्याशी कुणी माझी गल्लत केली की माझं डोकं फिरतं. मी हातात मावणारा, पिवळ्या अंगाचा मल्टिमीटर. मला एक लाल आणि एक काळी अशा दोन वायरी आहेत आणि त्यांच्या टोकांना सुया आहेत. त्या सुया टेकवाल तिथे किती व्होल्ट आहेत, ते मी माझ्या काचेवर आकड्यात दाखवतो. मला बोलता येत नाही, आकडा तेवढा येतो. अशाच एका आकड्यानं मी एका भल्या माणसाच्या आयुष्याची माती केली. ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात, लांबच लांब टेबलावर झाला. माझ्यासारखीच पिवळी भावंडं रांगेत उभी होती. रांगेच्या शेवटी नाकाच्या टोकावर चष्मा घेतलेल्या एक बाई बसायच्या. प्रत्येकाच्या सुया त्या एका ठरलेल्या जागी लावायच्या आणि आकडा बरोबर आला की पाठीवर शिक्का मारायच्या. माझ्या शेजारच्या भावाचा आकडा चुकला, तर त्याला त्यांनी सरळ खोक्यात टाकलं. माझ्या पाठीवर शिक्का बसला आणि मी फुगलो. मला वाटलं, एकदा शिक्का मिळाला, आता आपण जन्मभर खरंच बोलणार.

मला विकत घेतलं एका मुलीनं. वायरमनचा कोर्स पुरा करून ती वडिलांच्या दुकानात काम शिकायला आली होती. दुकान गाड्यांमध्ये रेडिओ, स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर बसवायचं. जेमतेम एक गाडी आत मावेल एवढी खोली, पुढे शटर, मागे दाराला पडदा आणि पडद्यामागे त्यांचं घर. स्वयंपाकघरात चमचा पडला तरी दुकानात ऐकू यायचा. मला गाड्यांची माहिती कमी आहे, पण त्या घरातलं सगळं मला ऐकून ठाऊक आहे.

वडिलांचं नाव गिऱ्हाइकांनी कानसेन पाडलं होतं. तानसेन होणं जमलं नाही तरी माणसानं कानसेन तरी व्हावं असं म्हणतात, तेच हे नाव. गाडीत बसून ते डोळे मिटायचे आणि सांगायचे, "मागचा डावा स्पीकर सैल आहे, स्क्रू आवळा." आवळला की ती बारीक थरथर थांबायची. बायकोची हाक मात्र त्यांना कधी ऐकू यायची नाही. "अहो, ऐकलंत का?" असं ती पडद्याआडून तीनदा ओरडायची. मग म्हणायची, "बायको सोडून जगातलं सगळं ऐकू येतं या माणसाला!" कानसेन मान खाली घालून गालातल्या गालात हसायचे. त्यांना पहिल्या हाकेलाच ऐकू आलेलं असायचं, हे मला समोरून दिसायचं.

आता थोडं कामाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रेडिओतून निघणारा आवाज अगदी अशक्त असतो. त्याला अंगात बळ देतो तो अ‍ॅम्प्लिफायर. रेडिओकडून येणारं कितपत आत घ्यायचं, हे ठरवायला त्याच्या अंगावर एक लहानसा स्क्रू असतो, त्याला गेन म्हणतात. नरसाळ्यात तेल ओतताना हात जपून ठेवावा लागतो ना, तसंच हे काम आहे. कमी ओतलं तर बाटली भरत नाही आणि जास्त ओतलं तर बाहेर सांडतं. गेन जास्त झाला की आवाज फाटतो आणि फाटका आवाज सोसून सोसून स्पीकर एक दिवस जळतो. लोक मात्र गेनला आवाज मोठा करायचं बटण समजतात. त्या समजुतीनं किती स्पीकर जाळलेत, विचारू नका!

कानसेन गेन कानानं लावायचे. रेडिओचा आवाज पाऊण ठेवायचा आणि स्क्रू हळूहळू फिरवत न्यायचा. "आवाज फाटायच्या आधी कुरकुरतो," ते लेकीला सांगायचे. "ती कुरकुर ऐकायची आणि केसभर मागे यायचं. फाटल्यावर काय, शेजारचा शिंपीही सांगेल."

लेक माझ्याकडून लावायची. गेन पूर्ण खाली, रेडिओचा आवाज पाऊण, बास आणि ट्रेबल शून्यावर. स्पीकरच्या वायरी सोडवायच्या आणि एकसुरी घूं वाजणारी फाईल लावायची. मग माझ्या सुया अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी टेकवून, ठरलेला आकडा येईपर्यंत स्क्रू वर न्यायचा. आमच्याकडे बहुतेक गाड्यांना शंभर वॅटचे, चार ओहमचे स्पीकर बसायचे. त्यांचा हिशेब वीस व्होल्ट. वॅटला ओहमनं गुणायचं आणि वर्गमूळ काढायचं, एवढं सोपं आहे ते.

कानसेननी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हात जोडले. "या मास्तर, या! आता या वयात आमचे पेपर तपासा." तेव्हापासून मी मास्तर झालो. ते कानानं गेन लावायचे, मग लेक वायरी सोडवून मला टेकवायची. ते गाडीतूनच विचारायचे, "मास्तर, किती मार्क?" मी दाखवायचो एकोणीस पूर्णांक आठ. दुसऱ्या दिवशी वीस पूर्णांक एक. लेक कपाळाला हात लावायची. "बाबा, तुमच्या कानात काय बसवलंय हो?" आणि पडद्यामागून उत्तर यायचं, "बोळे!"

अशी पाच वर्षं गेली. फार सुखाची वर्षं होती ती. मला पुसून ठेवायचे, खणात माझ्यासाठी मऊ फडकं होतं, आणि गिऱ्हाइकं मला बघून म्हणायची, "इथं काम मोजूनमापून होतं हं." मी आणखी फुगलो.

आता माझी चूक सांगतो. मी चालतो पोटातल्या एका चौकोनी बॅटरीवर. ती उतरली की मी बंद पडत नाही. बंद पडलो असतो तर किती बरं झालं असतं! मी चालूच राहतो आणि आकडे वाढवून सांगायला लागतो. असं होऊ लागलं की माझ्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात बॅटरीची एक बारीक खूण उमटते. तेवढीच काय ती माझी ओरड.

लेकीनं त्याच कोपऱ्यावर कागदाची पट्टी चिकटवली होती. वेगवेगळ्या स्पीकरांचे आकडे तिला सारखे लागायचे. पन्नास वॅटला चौदा, पंचाहत्तरला सतरा, शंभरला वीस. दर वेळी हिशेब नको म्हणून तिनं सुबक अक्षरात लिहून पट्टी लावली. काम सोपं करायलाच लावली होती, तिचा काही दोष नाही. खूण तिच्याखाली उमटली आणि कुणालाच दिसली नाही.

नेमक्या त्याच दिवसांत एक दातांचे डॉक्टर गाडी घेऊन आले. कानसेननी महिन्यापूर्वी बसवलेला त्यांचा स्पीकर जळला होता. दार उघडताच जळक्या वार्निशचा वास आला. डॉक्टर एवढंच म्हणाले, "तुमच्याकडून अशी अपेक्षा नव्हती." कानसेन कितीतरी वेळ तो काळा पडलेला स्पीकर हातात घेऊन उभे होते.

लेकीला रात्रभर झोप लागली नसावी. दुसऱ्या दिवशी कानसेननी एका गाडीचा गेन लावला आणि जेवायला आत गेले. तिनं वायरी सोडवल्या आणि मला टेकवलं. गेल्या काही आठवड्यांत कामाच्या घाईत हे तपासणं राहूनच गेलं होतं.

मी सत्तावीस दाखवले.

खरे वीस होते, मित्रांनो. अगदी वीस. पण माझ्या पोटात दम नव्हता आणि मला ते कळत नव्हतं. मी छाती पुढे काढून सत्तावीस दाखवले. तिनं परत टेकवलं, परत सत्तावीस. शंभर वॅटच्या स्पीकरात जवळजवळ दुप्पट ताकद जाणार, असा त्याचा अर्थ. त्या आठवड्यात तिनं त्यांच्या पाठीमागे आणखी तीन गाड्या तपासल्या. सव्वीस, सत्तावीस, सत्तावीस. तिसऱ्या गाडीनंतर ती चाकाला टेकून बसली आणि ओठ चावत राहिली.

शनिवारी दुपारी तिनं सांगितलं. शटर अर्धं ओढून घेतलं, म्हणजे कुणी आत येऊ नये.

"बाबा, रागावू नका. थोडं बोलायचंय."

"बोल की. शटर कशाला ओढतेस? उकडतंय."

"तुमचे गेन जास्त लागतायत. आठवडाभर बघतेय. सगळे सत्तावीसच्या आसपास."

ते हसले. "मास्तर चढलेत वाटतं आज."

"बाबा, चार गाड्या झाल्या. वय झालं की आधी बारीक आवाज जातात, कोर्समध्ये शिकवलं होतं आम्हाला. तुम्हाला ती कुरकुर ऐकू येत नाहीये. फाटल्यावरच कळतंय. म्हणून डॉक्टरांचा स्पीकर..."

ते उठले. ज्या गाडीचा गेन त्यांनी सकाळी लावला होता तिच्याशी गेले आणि म्हणाले, "माझ्यासमोर लाव." तिनं मला टेकवलं. मी काय करणार होतो? दाखवले सत्तावीस. त्यांनी चष्मा वर करून, वाकून, माझ्या काचेकडे निरखून पाहिलं. त्यांचा श्वास काचेवर उमटला. पट्टी त्यांच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होती आणि मला ओरडता येत नव्हतं.

"मास्तर खोटं कशाला बोलेल?" ते हळूच म्हणाले.

त्याच वेळी आतून हाक आली, "अहो, ऐकलंत का? जेवण गार होतंय!" कानसेन पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी लेकीला विचारलं, "किती वेळा मारली गं हाक तिनं? पहिलीच ना ही? की आधी मारली होती?"

ती पहिलीच हाक होती. लेकीनं तसं सांगितलंही. पण त्यांच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता. शर्टाच्या खिशातला बारीक पेचकस त्यांनी काढला आणि तिच्या हातात दिला.

पुढे त्यांनी जे केलं ते फक्त तेच करू शकले असते. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता, झाकली मूठ ठेवली असती. त्यांनी दुकानाची वही घेतली आणि गेल्या महिन्याभरात न तपासता गेलेल्या गाड्यांच्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन लावले. "कानसेन बोलतोय. माझे कान गेलेत हो. तुमच्या गाडीचा गेन माझ्याकडून जास्त लागलाय, स्पीकर जळेल. एकदा घेऊन या, मुलगी नीट करून देईल. पैसे नकोत. माफ करा." सतरा जणांना त्यांनी हे सांगितलं. प्रत्येक फोनवर ते मोठ्यानं बोलत होते, कारण बहिरी माणसं मोठ्यानं बोलतात असं त्यांना वाटत होतं.

आणि त्या सतराही गाड्या आल्या, मित्रांनो. लेकीनं प्रत्येकीचा गेन माझा आकडा वीस होईपर्यंत खाली आणला. म्हणजे खरा पंधराच्याही खाली. नीट गाणाऱ्या गाड्यांचा आम्ही दोघांनी मिळून गळा आवळला. गिऱ्हाइकं म्हणायची, "ताई, पूर्वीचा दम नाही राहिला." ती म्हणायची, "आधी जास्तच होता, आता बरोबर आहे."

कानसेन दुकानात यायचे थांबले. पडद्यामागे बसून राहायचे. कुणी काही बोललं की आधी "काय?" म्हणायचे. ऐकू आलेलं असायचं तरी "काय?" म्हणायचे, कारण ऐकू आलेलं बरोबर असेल याची त्यांना खात्री उरली नव्हती. बायकोनं थट्टा सोडून दिली. ती आता हाक मारायचीच नाही, जवळ जाऊन खांद्याला हात लावायची. कानाच्या दवाखान्यात चला म्हणून तिनं किती विनवलं! ते म्हणायचे, "एका मशीननं सांगितलं ना? दुसऱ्याला कशाला विचारायचं?"

असे दोन महिने गेले. गाडीत बारा व्होल्ट येतायत की नाही हे बघायला लेक नेहमी छोटा दिवा लावून बघायची, म्हणून तोवर माझी चोरी उघडी पडली नव्हती. एका दुपारी तिच्या हातून तो दिवा फुटला. तिनं मला गाडीच्या बॅटरीला लावलं. इंजीन बंद होतं. मी दाखवले अठरा.

बंद गाडीची बॅटरी तेराच्या वर जात नाही. हे तर पहिल्याच धड्यात शिकवतात. तिनं दुसरी गाडी बघितली, पुन्हा अठरा. मग तिनं मला उलटं केलं, सुलटं केलं आणि नखानं ती पट्टी उचकटली.

खूण तिथे होती.

तिनं धावत जाऊन नवी बॅटरी आणली आणि माझ्या पोटात बसवली. बारा पूर्णांक सहा. ती गुडघ्यांवर फरशीवर बसली. आतल्या माणसांना ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात ओढणी कोंबून रडली. नंतर डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, "अहो, ते बटण मीच फिरवलं होतं थोडं. आवाज अजून मोठा हवा होता. का, काय झालं?"

ती आत गेली. मी खिशात होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"बाबा, मीटर चुकला होता. बॅटरी उतरली होती हो त्याची! तुमचे कान चांगले आहेत. तुमचं सगळं बरोबर होतं. मी चुकले, बाबा."

कानसेन म्हणाले, "असू दे गं."

"असू दे काय? या, एक गाडी लावून बघा. माझ्यासाठी."

ते आले. गाडीत बसले, डोळे मिटले, पेचकस हातात घेतला. स्क्रू फिरत गेला, थांबला, केसभर मागे आला. तिनं मला टेकवलं. मी दाखवलं ते आयुष्यातलं माझं सगळ्यात खरं उत्तर होतं. वीस.

"बघा! वीस! बघा ना बाबा!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "गुणाची आहेस. बापाला वाईट वाटू नये म्हणून किती करतेस!"

तिनं त्यांना ओढत कानाच्या दवाखान्यात नेलं. कागदावर लिहून आलं की या वयाला इतके चांगले कान क्वचित असतात. कानसेननी कागदाची घडी घातली. "डॉक्टर भला माणूस आहे," एवढंच म्हणाले.

त्या सतरा गाड्या परत बोलावून लेकीनं नीट केल्या. प्रत्येकाला खरं काय ते सांगितलं. लोक भले असतात, सगळ्यांनी ऐकून घेतलं. ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांनी तेवढं ऐकलं नाही.

परवाची गोष्ट सांगतो आणि थांबतो. लेक सामान आणायला गेली होती. कानसेन दुकान राखायला बाहेर स्टुलावर बसले होते. एक माणूस गाडी लावून आत आला आणि स्वतःच गेनचा स्क्रू फिरवू लागला. मी खणाच्या उघड्या फटीतून बघत होतो. अजून काहीच बिघडलं नव्हतं. गाणं छान वाजत होतं. आणि कानसेनच्या कपाळाला आठी पडली. त्यांना कुरकुर ऐकू आली होती. त्यांचा हात अर्धा वर गेला, "बास!" म्हणायला तोंड उघडलं.

तो माणूस म्हणाला, "काका, ठीक वाटतंय ना?"

हात खाली आला. "मला काही कळत नाही हो त्यातलं," ते म्हणाले. "मुलगी येईल, ती मोजून सांगेल." आणि आवाज फाटायला लागला तसे ते उठून पडद्यामागे गेले.

मित्रांनो, तुमच्या घरी माझे पुष्कळ नातेवाईक असतील. ताप बघायची नळी असेल, वजनाचा काटा असेल, भिंतीवरचं घड्याळ असेल. त्यांची काळजी घ्या. बॅटरी वेळेवर बदला, त्यांच्या खुणांवर काही चिकटवू नका. आणि आमच्या आकड्यावरून कुणा माणसाला "तू चुकलास" असं सांगणार असाल, तर त्याआधी आम्हाला आकडा आधीच ठाऊक असलेल्या एखाद्या गोष्टीला लावून बघा. मला गाडीची बॅटरी चालेल. मिनिटभराचं काम आहे. त्या शनिवारी कुणी तेवढं मिनिट मला दिलं असतं, तर परवा त्या गाडीचा गेन कानसेननी लावला असता. मला कुणी विचारलंही नसतं, आणि मी खणात धूळ खात आनंदानं पडून राहिलो असतो.